मेजरांची भिंत

आमच्या घरात वीज नव्हती तेव्हा आमचा उजेड शेजारच्या भिंतीवरून यायचा.

हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलांना वाटतं, मॅडम कविता करतायत. कविता नाही. वडूजच्या पूर्वेला आमचं गाव. पाऊस कमी, कुसळं जास्त. माझे आण्णा पावसाळा सोडला तर मेंढरांमागं मुलूख फिरायचे. घरी आई, आज्जा आणि मी, एका पत्र्याच्या खोलीत. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. मीटर घ्यायची ऐपत नव्हती. बोळाच्या तोंडाशी सरकारी खांब होता, त्यावर पिवळा दिवा. पण मधे कडुनिंब आडवा, म्हणून त्याचा उजेड आमच्या दारात पोचायचा नाही. तो समोरच्या घराच्या भिंतीवर पडायचा. ती भिंत इतकी पांढरीफेक होती, की तिथून उजेड उडी मारून आमच्या ओट्यावर यायचा. त्या उडी मारलेल्या उजेडात मी दहावी केली, बारावी केली. पुढं बी.एस्सी., एम.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे सांगताना मी मान खाली घालत नाही, घालायचं कारणही नाही. आता इस्लामपूरला एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. प्रकाशाचं परावर्तन शिकवायला मला पुस्तक लागत नाही.

ती भिंत मेजरांची.

मेजर खरे मेजर नव्हेत. हवालदार म्हणून पेन्शनीत आले. पण आमच्या भागात फौजेत शिपाई म्हणून गेलेला माणूस येताना मेजर होऊनच येतो. मधल्या सगळ्या बढत्या गाव देतं. मेजर फौजेतून एक ट्रंक, एक काळं ब्लँकेट आणि पांढऱ्या रंगाचं वेड एवढं घेऊन आले. छावणीत म्हणे झाडाचा बुंधासुद्धा उघडा ठेवत नाहीत. खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा. मेजरांनी तो कायदा गावाला लागू केला. जे हलत नाही ते रंगवायचं.

आंब्याचे बुंधे रंगले. दावणीचे खुंटे रंगले. विहिरीचा कठडा, पाणंदीतले दगड, देवळापुढची तोफेसारखी पडलेली जुन्या मोटेची लाकडं, सगळं रंगलं. एकदा तर परड्यात पडलेला जुना नांगर असा सजवला, की पाहुण्यांनी हात जोडले. कुणी विचारलं तर मेजरांचं उत्तर ठरलेलं. "पांढऱ्यात लबाडी चालत न्हाई गड्या. मळलं की दिसतंय."

आमच्या आज्जाची गोष्ट सांगायलाच हवी. बोळाच्या कोपऱ्यावर एक सपाट शिळा आहे. जेवण झालं की आज्जा तिच्यावर आडवा व्हायचा. एका दुपारी मेजर बादली आणि कुंचा घेऊन आले. त्यांच्या यादीत त्या दिवशी ती शिळा होती.

"पांडामामा, उठा. शिळा रंगवायची हाय."

आज्जा घोरत होता. मेजरांनी पुन्हा हाक मारली. आज्जा हलला नाही. हलत नाही म्हणजे मेजरांच्या कायद्यात बसलं. पण माणसाला चुना लावावा की नाही, याबद्दल फौजेत काही शिकवलेलं नसावं. म्हणून त्यांनी आज्जाच्या कडेकडेनं रंग मारला. उन्हं कलल्यावर आज्जा उठला आणि मागं वळून बघतो तर काय, पांढऱ्याशुभ्र शिळेवर एक काळा आज्जा झोपलेला. एक गुडघा दुमडलेला, बाजूला काठी.

आज्जा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आयला मेजर, माझा फोटूच काढलास की रं!"

आज्जा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मेजर अजून दर दिवाळीला ती शिळा रंगवतात. अजून कडेकडेनंच.

दुसरी गोष्ट मिशीची. मेजरांची मिशी म्हणजे गावची मालमत्ता होती. दोन्ही टोकांना पीळ, मधे घनदाट, वरचा ओठ असल्याचा पुरावाच नाही. लग्नाच्या वरातीत फोटोग्राफर नवरदेवाआधी मेजरांचा फोटो काढायचा. तर एका सकाळी मेजर शिवाच्या सलूनात जाऊन बसले आणि म्हणाले, "मिशी काढ."

शिवाच्या हातातला वस्तरा तसाच राहिला. "मेजर, कोण गेलं?"

"कोण न्हाई. काढ."

"आवं, गाव मला मारंल!"

"मी मारल्याव गाव काय मारतंय? काढ म्हणतो न्हवं."

शिवानं डोळे मिटून काढली, असं तो सांगतो. डोळे मिटून मिशी कशी काढतात, हे त्याला विचारायचं नाही. त्या दिवसापासून गावात नाना तर्क. कुणी म्हणालं, नवस होता. कुणी म्हणालं, पैज हरले. शिवाचं म्हणणं, मिशीखाली जळू चिकटली होती. मेजरांना विचारलं तर ते आभाळाकडं बघून म्हणायचे, "उन्हाळा लय हाय." पौष महिन्यातसुद्धा.

मेजरांच्या घरात बाकी एकच माणूस, हौसाकाकी. काकींना कमी ऐकू येतं हे गावाला माहीत होतं. किती कमी, ते कुणालाच माहीत नव्हतं. कारण काकी मोठ्या हिकमती. कुणी बोलायला लागलं की त्या अगदी तोंडापुढं येऊन बसायच्या, टक लावून बघायच्या आणि बरोबर उत्तर द्यायच्या. कानात घालायचं यंत्र एकदा साताऱ्याहून आणलं होतं. "कानात चिमण्या भांडत्यात" म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवलं, आणि तो डबा मेजरांनी रंगवला.

त्यांची मुलगी सुमन माझ्या बरोबरीची. आम्ही एकाच ओट्यावर खेळलो. ती नर्स झाली आणि आखातात एका दवाखान्यात लागली. करार संपेपर्यंत यायचं नाही. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. मेजर मोबाईल काकींच्या तोंडापुढं धरायचे, स्वतः मागं उभे राहायचे. सुमन बोलायची. काकी हसायच्या, मान हलवायच्या, "बरी हायस न्हवं? जेवलीस न्हवं?" म्हणायच्या आणि थोड्या वेळात ठरलेलं वाक्य यायचं, "रेंज न्हाई गं पोरी, ठिवते." सुमन मला मेसेज करायची, अगं, गावात टॉवर कधी बसणार? टॉवर केव्हाच बसला होता. काकींच्या परड्यातून दिसायचा.

या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तर बोळात धुरळा उडालेला. मेजर खरवडणी घेऊन आपल्या त्या भिंतीवर तुटून पडले होते. इतक्या वर्षांचे चुन्याचे थर भाकरीच्या पापुद्र्यासारखे खाली पडत होते.

"मेजर, भिंतीनं काय गुन्हा केला?"

"आलीस? बरं झालं. मास्तरीण हायस, जरा डोकं लाव. हिच्यावर पिच्चर पाडायचा हाय."

त्यांनी ट्रंकेतून एक प्रोजेक्टर काढला. पोळपाटाएवढा. काळ्या ब्लँकेटात गुंडाळून ठेवलेला. आधी त्यांनी दोरीवर चादर टाकून बघितली होती. वारा आला की बातम्या देणारी बाई पोट धरून हसल्यासारखी हलायची. म्हणून आता भिंत.

"कशाला पण? टीव्ही आहे की घरात."

"टीव्ही लहान हाय. मानूस खऱ्यापेक्षा मोठं दिसाय पायजे." आणि मग खरवडता खरवडता म्हणाले, "सुमनला ह्या रविवारी सुट्टी हाय. निवांत बोलतो म्हणालीया. तवर भिंत पायजे."

रविवार सहा दिवसांवर होता. मेजरांनी कामाचा आराखडाच मांडला. भोकं बुजवायची, पुट्टी भरायची, पॉलिश पेपरनं घासायची. घासून झालं की डोळे मिटून तळहात फिरवायचे. हाताला खडा लागला की भिंतीला शिवी. मीही पदर खोचला. आईनं ओट्यावरून बघून विचारलं, "एवढी शिकलीस ती ह्याच्यासाठीच का?" मी म्हटलं, "ह्याच्यासाठीच."

पहिला रंग त्यांनी मला न विचारता दिला. संध्याकाळी प्रोजेक्टर आमच्या ओट्यावर ठेवला. अंतर तिथूनच नेमकं बसत होतं. बातम्या लावल्या. बाई आली, पण निळी. कपाळ निळं, गाल निळे, दात फिकट निळे.

"मेजर, रंगात काय घातलंत?"

"नीळ! पांढरं फुलून यायला. आमच्या चुन्यात कायम नीळ असती."

बरोबरच होतं त्यांचं. धोतराला, चुन्याला, सगळ्यालाच आपल्याकडं नीळ. मेजरांनी तर चार पुड्या जास्त घातल्या होत्या. मी समजावलं, की निळीनं पांढरं अजून पांढरं भासतं, पण आपल्याला भिंत बघायची नाही, तिच्यावरचं बघायचं आहे. मेजर भिंतीच्या अगदी जवळ गेले. त्या निळ्या बाईच्या तोंडापाशी तोंड नेलं आणि विचारलं, "व्हट दिसत्यात का?"

"काय?"

"व्हट, व्हट. हिचं व्हट उठून दिसत्यात का?"

म्हटलं, निळे दिसतात. "मग न्हाई चालायचं," असं म्हणून त्यांनी मशीन बंद केलं.

हे नेमकं शिवानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सलूनात आलेल्या प्रत्येकाला फुकट बातमी. "मेजर भिंतीवर बायकांचं व्हट बघतोय! मिशी काढली तवाच मला शंका आलीती." दुपारपर्यंत गावभर झालं, की मेजर टॉकीज काढतायत. पोरं विचारायला लागली, पिक्चर कंचा? एक म्हातारी येऊन जागा धरून गेली, भिंतीपुढं दगड ठेवून. मेजरांनी तो दगड रंगवला.

दुसरा रंग त्यांनी वडूजहून आणला. ऑइलपेंट. एकदम कडक, लखलखीत. "ह्यो तोफांना मारत्यात," म्हणाले. मी नको नको म्हणत होते. पण मेजरांना चमक दिली नाही तर काम झाल्यासारखं वाटत नाही. रात्रभर वाळवला. संध्याकाळी पुन्हा बातम्या. बाई आली, रंग बरोबर, डोळे बरोबर, आणि तोंडाच्या जागी सूर्य. प्रोजेक्टरचा दिवा भिंतीत आरशासारखा दिसत होता, तो बरोबर तिच्या तोंडात. ती बोलायची आणि तोंडातून नुसता झोत.

शिवा कडुनिंबाखाली उभा होता. "मेजर, हिच्या तोंडात बॅटरी हाय!"

एरवी मेजरांनी त्याला बोळाबाहेर पळवला असता. त्या दिवशी ते गपकन ओट्यावर बसले. शिवाही वरमला आणि निघून गेला. मी त्यांना सांगत होते, परातीत पाणी ठेवलं तर ऊन एकाच जागी चमकतं, डोळे दिपवतं. परातीत पीठ ठेवलं तर तेच ऊन सगळीकडून सारखं दिसतं. आपल्याला भिंत पिठासारखी पाहिजे, पाण्यासारखी नको. ते ऐकत होते असं मला वाटलं नाही.

"मेजर, ओठांचं एवढं काय आहे?"

त्यांनी घराकडं बघितलं. काकी आत तांदूळ निवडत होत्या.

"हौसाला काय बी ऐकू येत न्हाई, मंगल. थोडं कमी न्हवं. काय बी न्हाई. ती समोरच्याचं व्हट वाचती. तिचं कान तितं हायत." मग आवाज आपोआपच बारीक करून म्हणाले, "मोबाईलवर सुमनचं तोंड केवढं दिसतं? डाळीएवढं. त्यात व्हट कुठं वाचायचं? पोरगी गेल्यापास्नं हिनं तिचं एक अक्षर ऐकल्यालं न्हाई. आन पोरीला कळू द्यायचं न्हाई म्हणती. कळलं तर नोकरी सोडून यील. म्हणून ती रेंज न्हाई, रेंज न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी एस.टी. धरली आणि साताऱ्याहून बिनचमकीचा पांढरा रंग घेऊन आले. आणि त्याच्याबरोबर काळ्याची एक डबी.

खरं भांडण त्या डबीवरून झालं.

"ही कशाला?"

"पांढऱ्यात मिसळायला."

मेजर असे बघायला लागले, जसं मी देवळात चपला घालून शिरले. "पांढऱ्यात काळं?"

"थोडंसंच. फिकट राख दिसेल इतपत. बोळात कुठून ना कुठून उजेड येणारच. भिंत पांढरीफटक असली तर तो सगळा ती परत फेकते, मग चित्रातलं काळं काळं राहत नाही. ओठांच्या कडा पुसट होतात. भिंत जरा मळकी पाहिजे."

"मळकी!" मेजर उठून उभेच राहिले. "सगळी फौज झाली, पेन्शन झाली, ह्या हातानं कवा पांढऱ्यात काळं घातलं न्हाई. आन ह्या भिंतीत तर न्हाईच घालायचो. ही भिंत मी वर्सातनं किती बारी रंगवायचो?"

"दिवाळीला."

"आन?"

मला आठवेना.

"फेब्रुवारीत," मेजर म्हणाले. "तू म्याट्रिकला व्हतीस तवापास्नं. फेब्रुवारीत कंचा सण असतो, सांग बरं? धुरळ्यानं भिंत मळायची, तुझ्या वट्यावर उजेड कमी पडायचा. मार्चात परीक्षा. तू पुस्तक पार डोळ्याला लावून बसायचीस. मला हितनं दिसायचं." आणि लगेच रागानं, जसं काही माझीच चूक, "आन आता तूच म्हणतीस मळकी कर!"

मी भिंतीकडं बघितलं. मला वाटायचं तो सरकारी दिवा होता.

मग म्हटलं, "मेजर, तेव्हा उजेड भिंतीवरनं माझ्याकडं यायचा होता, म्हणून पांढरी पाहिजे होती. आता उजेड माझ्या ओट्यावरनं भिंतीकडं जायचाय. आता हिनं तो फेकायचा नाही, जरा धरून ठेवायचाय."

मेजर काळ्याची डबी हातात घेऊन फिरवत राहिले. मग विचारलं, "व्हट दिसतील?"

"दिसतील."

"काठासकट?"

"काठासकट."

मेजरांनी पायातलं पायताण काढून बाजूला ठेवलं आणि डबी उघडली. थेंब थेंब ओतायला लागले. काठीनं ढवळत होते, आणि प्रत्येक थेंबाला तोंड असं करत होते, की कडू काढा पितायत. पांढरं हळूहळू राखेच्या रंगाचं झालं. मग मात्र फौजी जागा झाला. रोलर उभा, मग आडवा, थांबायचं नाही, ओला काठ वाळू द्यायचा नाही. कडेनं दोरी धरून, ओळंबा सोडून वीतभर रुंद काळी चौकट काढली. मी म्हटलं, चौकट काळी असली की आतलं चित्र उठतं. "हितं बी काळंच!" म्हणाले, पण काढली. सगळं झाल्यावर मला आत चहाला पाठवलं. परत येऊन बघते तर चौकटीखाली बोटभर गेरूचा पट्टा.

"हे कशाला?"

"असू दे की गं," मेजर म्हणाले. "उघडं उघडं वाटत व्हतं."

रविवारी दिवेलागणीला खांबावरचा दिवा तासभर बंद ठेवायला त्यांनी ग्रामपंचायतीच्या शिपायाला पटवलं. मी प्रोजेक्टर पाटावर ठेवला. आमच्या ओट्याची तीच पायरी, जिथं माझी पुस्तकं असायची. त्याच्या मागं काकींची खुर्ची, भिंतीकडं तोंड करून. प्रोजेक्टरशेजारी मोबाईल उभा केला, कॅमेरा खुर्चीकडं. सगळं जागच्या जागी होतं. आणि बोळ माणसांनी भरलेला होता.

पोती अंथरून बायका बसलेल्या. पोरं पुढं. ती म्हातारी रंगवलेल्या दगडावर. शिवानं शेंगा आणलेल्या. मेजर इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि दारातच थबकले.

"पिच्चर न्हाई," ते म्हणाले. "उठा."

"मग काय हाय?"

"घरचं काम हाय."

घरचं काम म्हटल्यावर उठेल ते आमचं गाव नव्हे. उलट मागचे पुढं सरकले. आतून काकी पदर सावरत आल्या, गर्दी बघितली आणि दारातूनच मागं फिरायला लागल्या. "रेंज नसंल आज," त्या म्हणाल्या. मी मेजरांकडं बघितलं. इतकं खरवडून, घासून, पांढऱ्यात काळं घालून आता हे सगळं गर्दीपायी बुडणार होतं. सुमनचा कॉल वाजायला लागला.

मेजरांनी टाचा जुळवल्या आणि बोळ दणाणून टाकला.

"सावधान! पीछेऽऽ मुड!"

आमच्या गावात घरटी एक फौजी. गर्दीतले सगळे पेन्शनर विचार करायच्या आत ताडकन उठले आणि मागं वळले. ते वळले म्हणून त्यांच्या बायका वळल्या, बायका वळल्या म्हणून पोरं. शिवा फौजेत कधी गेला नव्हता, तोही वळला. क्षणात सगळ्या गावाची पाठ भिंतीकडं आणि तोंडं कडुनिंबाकडं.

"बसा आता. आन वळंल त्याला उद्या चुना लावीन."

काकी खुर्चीत बसल्या. मी कॉल घेतला.

भिंतीवर सुमन आली. वळचणीपासून गेरूच्या पट्ट्यापर्यंत सुमन. निळी नाही, चमक नाही. कपाळावरची बारीक टिकली दिसत होती, गालावरचा लहानपणीचा व्रण दिसत होता. तो आमच्या ओट्यावरून पडूनच झालेला. आणि ओठ हातभर लांब, काठासकट.

"आई, जेवलीस का गं?"

काकी बघत राहिल्या. कॉल लागला की लगेच त्यांचं हसू आणि मान हलवणं सुरू व्हायचं, ते झालं नाही. खुर्चीच्या काठावर सरकल्या. मग म्हणाल्या, "न्हाई अजून. तू काय केलंतंस?"

"डाळभात. तू दिलेली चटणी संपली गं."

"कंची संपली? कारळ्याची का जवसाची?"

सुमन मोबाईलच्या आणखी जवळ आली. भिंतीवरची सुमन अजूनच मोठी झाली. ती गेल्यापासून आईनं तिच्या बोलण्याला धरून दिलेलं हे पहिलं उत्तर होतं.

"जवसाची," ती हळू म्हणाली. "आई, तुला ऐकू येतंय?"

"दिसतंय गं," काकी म्हणाल्या. "बोल तू. सावकाश बोल. सगळं दिसतंय."

मग त्या दोघी बोलत सुटल्या. दवाखान्यातलं, खोलीतल्या केरळी मैत्रिणीचं, व्यालेल्या म्हशीचं, चकल्या तेलात हसल्या त्याचं. भिंतीकडं पाठ केलेल्या गावाला सगळं ऐकू येत होतं आणि दिसत काही नव्हतं. काकींना ऐकू काही येत नव्हतं आणि एकही शब्द सुटत नव्हता. काकींच्या कानाचंही सांगून झालं, त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि नोकरी सोडायची नाही हेही बजावलं. सुमन रडली, तर काकी म्हणाल्या, "रडू नगं, व्हट थरथरत्यात, वाचता यीना." सुमननं डोळे पुसले आणि नीट बोलायला लागली.

"आबा कुठं हायत? आबा, कायम मागनंच बोलता. पुढं या की."

मेजर खुर्चीच्या मागं अंधारात उभे होते. ते आणखी मागं सरकले. काकींनी न बघता हात मागं केला, त्यांचा शर्ट धरला आणि कॅमेऱ्यापुढं ओढलं.

"आबा! मिशा कुठं गेल्या?"

बोळात शेंगा फोडायचा आवाज बंद झाला. पाठमोरं गाव ताठ बसलं. या उत्तरासाठी गावानं दोन उन्हाळे काढले होते.

मेजरांनी आभाळाकडं बघितलं. "उन्हाळा लय हाय."

काकींनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी धरून आपल्याकडं वळवला. "काय सांगितलंस तिला? परत बोल." मेजरांनी ओठ मिटले. पण काकींना कळलं. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा त्या मोठ्यानं, साऱ्या बोळाला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "खोटं सांगतोय गं त्यो. तू गेलीस आन माझं उरलंसुरलं ऐकणं बी गेलं. ह्येचं बोलणं मला मिशीआड दिसंना. म्या एक शबुद सांगितला न्हाई. एक दिस ह्यो आपला आपण जाऊन काढून आला."

मेजर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, जणू तिथं कुठं पुट्टी राहिली होती.

मग कडुनिंबाखालून, मागं न वळता, शिवा म्हणाला, "मेजर, हितनं पुढं तुमची दाढी फुकट."

हसायलाही सगळे पाठमोरेच हसले.

सुट्टी संपवून मी इस्लामपूरला आले. प्रोजेक्टर आमच्या ओट्यावरच असतो, आई तो ब्लँकेटात गुंडाळून ठेवते. दर रविवारी गाव आपलं आपण कडुनिंबाकडं तोंड करून बसतं, सांगावं लागत नाही. मेजरांनी बाकीच्या सगळ्या भिंती पुन्हा पांढऱ्याशुभ्र केल्या आहेत. ती एकच राखेच्या रंगाची आहे, आणि तिला ते कुणाला हात लावू देत नाहीत.

भिंत वेळेत झाली. हौसाकाकींना त्यांच्या पोरीचं बोलणं कळलं. आणि त्या दिवसानंतर आमच्या गावात रेंज गेलेली नाही.